चांडाळचौकडीतला पाचवा

आमच्या आजीच्या तोंडात एक शब्द होता. गल्लीतल्या पोराने कुत्र्याच्या पिलाला दगड मारला, कुणी सुनेला उपाशी ठेवले, कुणी म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढले, की ती म्हणायची, "चांडाळ हाय मेला!" तोच शब्द ती आम्हा नातवंडांनाही लावायची. मात्र तेव्हा तिच्या आवाजात राग नसायचा. "चांडाळा, माजी मिश्रीची डबी कुठं दडवलीस?" असे म्हणताना ती हसत असायची. पुढे शाळेत गेलो, तर तिथेही तो शब्द आमच्या आधी पोचलेला. मागच्या बाकावरच्या चौघा वांड पोरांना गुरुजी 'चांडाळचौकडी' म्हणायचे. त्या चौघांत मी होतो. आम्हाला त्या नावाचा चक्क अभिमान वाटायचा.

मराठीत हा शब्द इतका मुरला आहे की त्याचा वासही आता कुणाला येत नाही. पुढाऱ्याभोवतीचे चार खुशमस्करे म्हणजे चांडाळचौकडी. चित्रपटातली खलनायकाची टोळी म्हणजे चांडाळचौकडी. विनोदी मालिकेला हे नाव दिले की लोक आधीच हसायच्या तयारीने बसतात. महार, मांग, चांभार, ढोर ही नावे शिवी म्हणून उच्चारताना आता निदान आजूबाजूला बघावे लागते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. चांडाळ म्हणताना कुणालाच काही वाटत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ते नावच नाही. ज्याच्या नावाने शिवी द्यायची तो माणूस दारात उभा नाही, मग दुखावणार कोण? असा हा बिनमालकाचा शब्द. माझाही समज कित्येक वर्षे हाच होता.

तो समज मोडला एका विहारात. वर्षावासात मी सुत्तनिपातातल्या वसलसुत्तावर बोललो. माणूस जन्माने नीच होत नाही, कर्माने होतो, हे सांगितले. व्याख्यान चांगले झाले अशी माझी मीच समजूत करून घेतली होती. तेवढ्यात मागून एक कॉलेजात जाणारी मुलगी उठली. "सर, वसल म्हणजे नीच, चांडाळच ना? मग शिवी तर तीच राहिली. फक्त ती लावायचा माणूस बदलला." मी काहीतरी मास्तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. मुलगी खाली बसली, पण तिचे समाधान झाले नव्हते, माझेही नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

संस्कृत कोशकार हा शब्द 'चंड' या शब्दाशी जोडतात. चंड म्हणजे उग्र, रागीट. म्हणजे झाले! जो मुळातच उग्र तो चांडाळ. नावातच स्वभाव, आणि स्वभावातच शिक्षेचे कारण. मला ही व्युत्पत्ती पटत नाही. व्युत्पत्ती ही पुष्कळदा मागाहून शिवलेली झूल असते. बैल आधी जुंपलेला असतो. रामशरण शर्मा, विवेकानंद झा या इतिहासकारांनी चांडाळ ही मुळात वर्णसमाजाबाहेरची टोळी असावी असे मांडले आहे. एखाद्या लोकसमूहाचे स्वतःचे काही नाव असावे, ते संस्कृत बोलणाऱ्यांच्या कानावर पडावे, आणि पुढे पंडितांनी त्याला धातू-प्रत्यय लावून अर्थ चिकटवावा, हे अधिक संभवनीय वाटते. जातककथांत चांडाळांची वस्ती वेशीबाहेर वेगळी असते, आणि महत्त्वाचे म्हणजे त्यांची बोलीही वेगळी असते.

चित्त आणि संभूत या दोन चांडाळ भावांची कथा जातकात आहे. उज्जैनीच्या वेशीपाशी दोन बड्या घरच्या मुलींच्या नजरेला हे भाऊ पडतात. अपशकुन झाला म्हणून मुली सुगंधी पाण्याने डोळे धुतात आणि घरी परततात. त्यांच्या मागे मेजवानीच्या आशेने निघालेल्या जमावाची आशा बुडते, आणि जमाव त्या दोघांना बेदम मारतो. जन्मामुळे मार बसतो ना, मग जन्मच लपवू, असे म्हणून ते भाऊ ब्राह्मणकुमारांच्या वेषात तक्षशिलेला विद्या शिकायला जातात. शिकतात, नावही काढतात. एक दिवस जेवताना धाकट्याच्या तोंडाला कढत घास भाजतो. घाबरून दोघांच्याही तोंडून आपल्या मूळ बोलीतले शब्द निघून जातात. संपले सगळे. सहाध्यायी त्यांना मारून हाकलून देतात.

ही कथा मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आपल्यापैकी किती जणांनी शहरातल्या भाड्याच्या खोलीत, ऑफिसातल्या डब्याच्या वेळी, असा कढत घास मुकाट्याने गिळला आहे! पण इथे मुद्दा वेगळा आहे. ज्यांना स्वतःची बोली आहे, ते कुणाच्या चोरट्या संबंधातून जन्मलेले चारदोन लोक नसतात. तो एक समाज असतो. मनूने मात्र चांडाळाची वंशावळ सांगितली ती अशी की शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांची संतती म्हणजे चांडाळ, आणि तो माणसांतला सर्वांत अधम. देशभर पसरलेला, वस्ती-बोली असलेला एक जनसमूह अशा चार भानगडींतून जन्माला आला यावर विश्वास ठेवायला भाबडेपणा लागतो. ही वंशावळ म्हणजे ब्राह्मण स्त्रीला घातलेली धमकी आहे. 'तू मर्यादा ओलांडलीस तर तुझ्या पोटी हा येईल.' बागुलबुवा दाखवायला जिवंत माणूस लागतो, म्हणून चांडाळ वापरला.

मनूच्याही आधीपासून दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, त्याला बाहेर ठेवणे. कौटिल्याने नगररचना सांगताना चांडाळांची जागा स्मशानाच्या कडेला ठरवून दिली. पाणिनीच्या सूत्रात बहिष्कृत नसलेल्या शूद्रांसाठी समासाचा वेगळा नियम आहे; पतंजली त्याचे विवरण करताना सांगतो की ज्यांनी जेवलेले भांडे घासूनपुसूनही शुद्ध होत नाही ते बहिष्कृत, आणि उदाहरण देतो चांडाळाचे. सुतार आणि लोहार यांचा समास एकवचनी होऊ शकतो, चांडाळाचा होत नाही. म्हणजे पंगतीत नाही ते नाहीच, व्याकरणातसुद्धा त्याला एकत्र बसू दिले नाही!

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. छांदोग्य उपनिषदात म्हटले आहे की ज्यांचे आचरण चांगले ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या पोटी जन्मतात. ज्यांचे आचरण घाणेरडे ते कुत्र्याच्या, डुकराच्या किंवा चांडाळाच्या पोटी. शब्दाचा प्रवास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो. कुत्रे, डुक्कर आणि चांडाळ एका रांगेत बसवले, हा अपमान तर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की चांडाळाचा जन्म हाच त्याच्या दुष्टपणाचा पुरावा ठरवला गेला. मागच्या जन्मी तू निर्दय होतास, म्हणून या जन्मी चांडाळ झालास. एकदा हे गणित मांडले की ते उलटे वाचायला कितीसा वेळ लागतो? चांडाळ तो दुष्ट. म्हणून दुष्ट तो चांडाळ. आमच्या आजीच्या तोंडातला शब्द याच उलट्या गणिताचे उत्तर होते. तिला उपनिषदाचे नावही ठाऊक नव्हते.

पण दुष्टपणाचे अनेक प्रकार असतात. चोरी, लबाडी, लोभ. चांडाळ या शब्दाला नेमका निर्दयपणाच का चिकटला? लोभी माणसाला आपण चांडाळ म्हणत नाही, कवडीचुंबक म्हणतो. लबाडाला लुच्चा म्हणतो. जो रडणाऱ्याकडे पाहून विरघळत नाही, तोच चांडाळ. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशातही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी आहेत, जातीचा आणि क्रूर माणसाचा. या चिकटण्याचे कारण मला मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सापडते. १९२७ साली २५ डिसेंबरला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, त्यातलीच ही पाने. चांडाळाने गावाबाहेर राहावे. त्याचे धन म्हणजे कुत्री आणि गाढवे. प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत. रात्री गावात, नगरात फिरू नये. बेवारशी प्रेते त्याने वाहावीत. आणि शेवटी असे, की राजाच्या आज्ञेने, शास्त्रात सांगितल्याप्रमाणे, देहदंड झालेल्यांना त्यानेच ठार मारावे, आणि मेलेल्यांचे कपडे, अंथरुणे, अलंकार त्याने घ्यावेत.

इथे थोडे थांबले पाहिजे. देहदंड ठरवणारा राजा. कुठल्या गुन्ह्याला तो द्यायचा हे सांगणारे धर्मशास्त्र. त्या शास्त्राचा अर्थ लावणारा ब्राह्मण सभासद. यांतल्या एकाच्याही हाताला रक्त लागत नाही. रक्त लागते ते फक्त ज्याला 'नाही' म्हणायचा हक्क नाही त्याच्या हाताला. आणि गर्दीला दिसतो तो तोच. सुळाकडे नेताना माणूस आक्रोश करतो, त्याची बायको-पोरे पाया पडतात, आणि समोर उभा असतो तो चांडाळ. त्याने दया दाखवली तर त्याचीच मान जाणार. मग लोक घरी जाऊन काय सांगणार? राजा निर्दय आहे असे? तेवढे धैर्य कुणाचे? 'चांडाळाला दया आली नाही हो!' असेच सांगणार.

हे फक्त प्राचीन काळापुरते आहे असे कुणी समजू नये. मराठीत 'मांगहृदयी' असा शब्द आहे. काळीज नसलेला, निर्दय, असा त्याचा अर्थ. पेशवाईपर्यंत आणि पुढेही फाशी देण्याचे काम मांगाच्या गळ्यात होते. दोर वळायचा त्याने, गळ्यात अडकवायचा त्याने, आणि ज्यांच्या हुकमाने हे व्हायचे त्यांच्या हृदयाबद्दल मराठी भाषेने एक शब्दही तयार केला नाही. 'पेशवेहृदयी' असा शब्द कुणी ऐकला आहे काय? मांग माणसाचे हृदय डफावर, हलगीवर, अण्णा भाऊंच्या लेखणीतून बोलले, ते मात्र कोशात गेले नाही. चांडाळ आणि मांगहृदयी हे एकाच घाण्यातून निघालेले दोन शब्द आहेत. फरक इतकाच, की दुसरा ऐकला की आपण चटकन दचकतो आणि पहिला ऐकून हसतो.

संस्कृत साहित्यात एकाच नाटककाराने या फाशीगराला तोंड दिले, असे माझे मत आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त निरपराध चारुदत्ताला वधस्थानी नेणारे दोन चांडाळ आहेत. ते एकमेकांना 'पाळी तुझी, पाळी तुझी' म्हणत मारायचे टाळतात, वेळ काढतात. बापाने मरताना दिलेला सल्ला एकाला आठवतो. वध करायची पाळी आली तर घाई करू नकोस. कुणी पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल, राज्यच उलटेल, काहीही घडू शकते. निर्दय माणसाचा बाप मुलाला असे शिकवून मरतो काय? आणि तेच चांडाळ चारुदत्ताच्या लहान मुलाला सांगतात की आम्ही चांडाळकुळात जन्मलो तरी चांडाळ नव्हे. जे सज्जनाला छळतात ते चांडाळ. दीड हजार वर्षांपूर्वीच्या रंगभूमीवर, खुद्द शब्दाच्या धन्याने, शब्द परत केला आहे. बोट राजाच्या मेहुण्याकडे, शकाराकडे आहे.

पण नाटकाचा शेवटही पाहा. राज्य उलटते, चारुदत्त सुटतो, सगळ्यांना बक्षिसे मिळतात. गणिका वसंतसेना कुलवधू होते. गुलाम स्थावरक दास्यातून मुक्त होतो. भिक्षू सर्व विहारांचा प्रमुख होतो. आणि त्या दोन चांडाळांना काय मिळते? सर्व चांडाळांचे अधिपतिपद! गुलाम गुलाम राहिला नाही, गणिका गणिका राहिली नाही. चांडाळ मात्र बढती मिळूनही चांडाळच. इतका मोठ्या मनाचा नाटककार, पण त्याच्याही कल्पनेला ही वेस ओलांडता आली नाही.

(दंतकथांतली युक्ती तर याहून निराळी. शंकराचार्यांना काशीत वाट अडवून अद्वैत शिकवणारा चांडाळ निघतो, तो अखेर साक्षात शंकर ठरतो. चांडाळ शहाणे बोलला की तो देव असलाच पाहिजे! माणूस म्हणून शहाणा असण्याची परवानगी त्याला नाही.)

आता चौकडीकडे येऊ. हे चार आले कुठून? कौरवसभेतले दुर्योधन, दुःशासन, कर्ण आणि शकुनी यांच्याकडे लोक बोट दाखवतात. तसे असेलही. पण धर्मशास्त्राच्या परंपरेत एक वचन चालत आले आहे, ते मला अधिक जवळचे वाटते. त्याचा आशय असा की मत्सरी, चहाडखोर, कृतघ्न आणि दीर्घकाळ राग धरणारा, हे चौघे कर्माने चांडाळ आहेत. आणि जन्माने चांडाळ तो पाचवा. मराठीतला 'कर्मचांडाळ' हा शब्द याच परंपरेतला. माझा तर्क असा की आपली चांडाळचौकडी या चार कर्मचांडाळांची पोरे आहेत.

तर्क खरा असो वा नसो, त्या वचनाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. पहिल्या चौघांनी काहीतरी केले आहे. एकाने मत्सर केला, एकाने चहाडी केली, एक उपकार विसरला, एकाने राग सोडला नाही. त्यांच्यापुढे सुटण्याचा मार्गही आहे. मत्सर सोडला की चांडाळपण गेले. पाचव्याने काय केले? काहीच नाही. तो फक्त जन्मला. म्हणून त्याला सोडण्यासारखेही काही नाही. चौघांना शिवी लागते ती पाचव्याकडून उसनी घेतलेली असते. तो खाली पडून राहिला आहे म्हणूनच त्या चौघांना त्याच्या पातळीवर उतरवता येते. शाळेत आम्ही चौघे मागच्या बाकावर हसत होतो, तेव्हा हा पाचवा वर्गाबाहेर उभा होता. दक्षिणेत, मद्रास इलाख्यात, अस्पृश्यांना सरकारी कागदांत 'पंचम' म्हणत. चार वर्णांनंतरचे पाचवे. आकडा तोच पडतो, हा मला योगायोग वाटत नाही. मोजदाद करणाऱ्याची बोटे नेहमी चारावर संपतात आणि उरलेल्याला तो पाचवा म्हणतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. वसलसुत्तात घडते ते असे. श्रावस्तीत भगवान भिक्षेला निघालेले असतात. अग्निक भारद्वाज नावाचा ब्राह्मण घरात होमाची तयारी करतो आहे. त्यांना येताना पाहून तो ओरडतो, मुंडक्या, तिथेच थांब, वसला, तिथेच थांब! म्हणजे शिवी पहिल्यांदा येते ती ब्राह्मणाच्या तोंडून. बुद्ध त्याला शांतपणे विचारतात की वसल कशाला म्हणतात हे तुला ठाऊक आहे काय? आणि मग यादी सांगतात. रागीट, आकसखोर, ज्याला प्राणिमात्रांची दया नाही तो, कर्ज घेऊन नाकबूल करणारा, ऐपत असून म्हाताऱ्या आईबापांना न पोसणारा. शेवटी चांडाळपुत्र मातंगाचे उदाहरण देतात, ज्याच्या सेवेला क्षत्रिय आणि ब्राह्मण येत. अंगावर फेकलेला दगड उचलून तपासून पाहावा आणि फेकणाऱ्याच्या ओंजळीत ठेवावा, तसे हे आहे. हे आधी मला त्या मुलीला सांगता आले असते तर बरे झाले असते. शब्द बुद्धांनी निवडलेला नव्हता.

पण म्हणून तिचा प्रश्न संपत नाही, हेही मी प्रामाणिकपणे कबूल करतो. अंगुत्तरनिकायात 'उपासकचांडाल' असा शब्द येतो. ज्याची श्रद्धा नाही, शील नाही, जो कर्मावर विश्वास न ठेवता शकुन-मुहूर्तांच्या मागे धावतो, तो उपासकांतला चांडाळ. आशय मला शंभर टक्के मान्य आहे. निळा झेंडा लावून मुहूर्त बघणारे आपल्यात काय कमी आहेत? शब्द मात्र खुपतो. इथे कुणा ब्राह्मणाने आधी दगड फेकलेला नाही. वेशीबाहेरच्या पाचव्याचे नाव इथे आपल्याच ग्रंथात उपमा म्हणून वापरले गेले आहे. ग्रंथ आपला आहे म्हणून मी त्याची सारवासारव करणार नाही. स्वतःच्या शब्दालाही पारखून घ्यायला ज्याने शिकवले, त्याच्या नावावरच्या ग्रंथाला हा प्रश्न विचारल्याने धम्माचे काही बिघडत नाही.

बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांच्या उगमावरील ग्रंथात चांडाळांचा पुरावा स्वतंत्रपणे तपासला. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियानने लिहून ठेवले आहे की चांडाळ नगरात शिरताना लाकडावर लाकूड आपटत चालतात, म्हणजे लोकांना बाजूला होता यावे. बाबासाहेबांनी हा पुरावाही जसाच्या तसा गिळला नाही. अपवित्र मानलेला आणि अस्पृश्य मानलेला यांत फरक आहे, हे ते सांगत राहिले, आणि अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या सुमारास ठेवला. त्यांचा हा सिद्धांत सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. पण लाकडावर आपटणारे ते लाकूड माझ्या कानातून जात नाही. आपल्या पूर्वजांच्या गळ्यातल्या मडक्याचा आणि त्या लाकडाचा आवाज एकाच जातीचा आहे.

चांडाळ हा बिनमालकाचा शब्द आहे, असे मी वर म्हटले. हे साफ चूक होते. तमिळनाडू, कर्नाटकच्या अनुसूचित जातींच्या यादीत ते नाव आहे. आणि बंगालमध्ये तर इंग्रजी अमलात लाखो शेतकऱ्यांना, नावाड्यांना, कोळ्यांना 'चांडाळ' या नावाने मोजले जात होते. दलदल उपसून भातशेती उभी करणारे हे लोक. १८७२-७३ मध्ये फरीदपूर-बाकरगंज भागात त्यांच्यातल्या एका प्रमुखाच्या घरच्या श्राद्धाच्या जेवणाला वरच्या जातींनी यायचे नाकारले. तेव्हा या लोकांनी त्यांच्या घरी-शेतावर काम करणेच बंद केले. बहिष्कृतांनी घातलेला बहिष्कार! काही महिन्यांनी पोटापाण्यापुढे तो टिकला नाही. पण हरिचंद ठाकुरांनी उभी केलेली मतुआ चळवळ पुढे त्यांचे पुत्र गुरुचंद यांनी शाळांच्या मार्गाने नेली, आणि सरकारदरबारी लढून १९११ च्या जनगणनेत 'चांडाळ' हे नाव पुसून 'नमःशूद्र' असे लिहून घेतले. नाव बदलण्यासाठी चार दशके. आपल्याला नामांतराच्या लढ्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

याच समाजातले जोगेंद्रनाथ मंडल. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीवर जाण्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. महाराष्ट्राने ज्याला पाठवले नाही, त्याला चांडाळांनी पाठवले. ही गोष्ट आपल्या सभांतून सांगितली जाते. पण सांगणारा वक्ता त्याच भाषणात विरोधी पक्षाच्या चौघांना 'चांडाळचौकडी' म्हणून टाळ्या घेतो, हे मी स्वतः ऐकले आहे. मीही टाळी वाजवली असेल.

फाळणीनंतर हा समाज देशोधडीला लागला. त्यांतली कितीतरी कुटुंबे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात आणून वसवली गेली. चामोर्शी, मुलचेरा या भागांत त्या बंगाली वसाहती आजही आहेत, आणि त्यांच्यात नमःशूद्र मोठ्या संख्येने आहेत. महाराष्ट्रात त्यांना अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. यादीत त्यांचे ते नवे नाव नाही आणि जुनेही नाही. तिथली पोरे मराठी बोलतात. म्हणजे ज्याच्या नावाने आपण हसत होतो तो दारात उभा नाही, हेही खोटे. तो याच राज्यात राहतो, मराठी शाळेत मागच्या बाकावर बसतो, आणि तिथलेही गुरुजी चौघा वांड पोरांना तेच नाव ठेवत असतील.

तमिळनाडूच्या अनुसूचित जाती-जमाती आयोगाने २०२४ मध्ये हा शब्द चेष्टेत, सिनेमात, राजकीय टीकेत वापरू नये असे सांगितले. तिकडेही तो असाच हसत हसत वापरला जातो. उलट बंगालीतले लेखक मनोरंजन ब्यापारी यांनी, ज्यांनी रिक्षा ओढत ओढत लेखन केले, आपल्या आत्मकथनाच्या नावातच 'चांडाल जीवन' हे शब्द ठेवले. आजोबा-पणजोबांनी झगडून पुसलेले नाव नातवाने स्वतःच्या हाताने परत लिहिले. दोन्ही गोष्टी मला पटतात. नाव पुसायचे की मिरवायचे, हे ठरवण्याचा अधिकार पाचव्याचा. उरलेल्या चौघांचा नव्हे.

हे सगळे लिहिण्याआधी मी माझ्या कथांचे जुने पुस्तक काढून पाहिले. 'चांडाळ' हा शब्द तीन ठिकाणी सापडला. दोन ठिकाणी तो निवेदकाच्या, म्हणजे माझ्याच तोंडी आहे. एकदा पाटलासाठी, एकदा सावकारासाठी. नव्या आवृत्तीच्या मुद्रितात मी तिथे 'निर्दय' असे लिहिले. वाक्य जरा पडले, पण चालेल. तिसऱ्या ठिकाणी मिश्रीची डबी शोधत आजी बोलते आहे. तिथे पेन्सिल बराच वेळ थांबली. ती तसेच म्हणाली होती. तिथला शब्द मी तसाच ठेवला आहे.